मागच्या चाकांचा माग: नांदेड-लातूर परिसरातील कमानकामाचा इतिहास

मोटारगाडीच्या मागच्या बाजूचे कमानपाटे, शॉकअप (धक्काशोषक) किंवा रबरी बुश बदलल्यानंतर गाडी सुधारण्याऐवजी अधिकच बिघडल्यासारखी चालू लागते, वळणावर मागून झोला मारते, सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते, खड्ड्यातून बाहेर पडताना तिचा मागचा भाग आडवा सरकल्यासारखा वाटतो, ही तक्रार वाहनदुरुस्तीच्या व्यवसायाइतकीच जुनी आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत या तक्रारीचे निदान करण्याचे कसब कोणा एका पाठ्यपुस्तकातून आले नाही. लाकडी गाड्या बांधणारे सुतार-लोहार, टांगे, निजामी राजवटीतील बससेवा, एस.टी., ट्रक आणि काळीपिवळी जीप अशा थराथरांतून ते घडत गेले. या साऱ्या वाटचालीत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: बिघाड नव्या भागात क्वचितच असतो, तो भाग जिथे टेकतो आणि ज्याने आवळला जातो तिथे तो बहुधा असतो, आणि तो शोधण्यासाठी आणखी एखादा भाग बदलण्याआधी गाडी मोजावी लागते.

यंत्रयुगाआधीच्या मराठवाड्यात ओझे वाहण्याचे काम बैलगाडीचे होते आणि त्या गाडीला कमान नव्हती. आख, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, थेट साट्याखाली बसवलेला असे आणि वाटेचा प्रत्येक दणका आखातून साट्यात व साट्यातून वरच्या पोत्यांत उतरत असे. धक्का सोसण्याचे काम लाकडाची लवचीकता, दोरखंडांची सैलसर आवळणी आणि बैलांची संथ चाल यांच्यावर सोपवलेले होते. कंधार परिसरातील लाल कंधारी आणि देवणी परिसरातील देवणी या बैलांच्या जाती ओढकामासाठी नावाजल्या त्या याच मातीत. अशा दोनचाकी गाडीत मागच्या बाजूचा प्रश्न मुख्यतः तोलाचा होता. ओझे आखाच्या मागे अधिक भरले गेले की जू वर उचलले जाई आणि बैलांच्या मानेवरचा दाब नाहीसा होई. याला गाडी उलाळ होणे म्हणत, आणि पोती पुढेमागे सरकवून गाडीवान तोल साधत असे. दुसरा प्रश्न चाकोरीचा होता. पावसाळ्यात काळ्या मातीत पडलेली चाकांची खाच उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होई, आणि ज्या गाडीच्या दोन चाकांतले अंतर त्या खाचेशी जुळत नसे ती एका अंगाला कलून चाले, तिचा आख झिजे आणि बैल लवकर थकत. त्यामुळे आरे, पुठ्ठे आणि तुंबा जोडून केलेल्या चाकावर लोहार तापलेली लोखंडी धाव चढवी तेव्हा, चाक आखाशी काटकोनात फिरते आहे की नाही हे पाहणे हा त्या कामाचाच भाग होता. चाकांच्या रेषेची जाण या भागात मोटारीच्या कितीतरी आधी होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

१९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला आणि नांदेड त्या मार्गावरचे महत्त्वाचे स्थानक बनले. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान नांदेडला झाल्यामुळे देशभरातील शीख यात्रेकरू येथे आधीपासून येत होते. रेल्वेमुळे ही ये-जा वाढली आणि त्या काळातील अन्य स्थानकांप्रमाणे येथेही पुढचा प्रवास टांग्याचा होता. टांगा माणसे वाहण्यासाठी असल्यामुळे त्याच्या आखावर पोलादी पट्ट्यांची कमान असे, आणि कमान तुटली की ती जोडण्यासाठी तो लोहाराकडेच जाई. लातूरची कथा थोडी वेगळी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली, केवळ २ फूट ६ इंच रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू होऊन १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. तिच्या रचनेचे सूत्र असे होते की कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू नये आणि लांब डब्यांचा भार फिरत्या बोगींवरील चाकांत सारखा वाटला जावा, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येईल. भार सारखा वाटण्याचे हे सूत्र पुढे रस्त्यावरच्या वाहनांना जेवढे लागू पडले तेवढे पाळले मात्र गेले नाही. १९१७ मध्ये लातूरला गंजगोलाई उभी राहिली, तिच्यापासून १६ रस्ते फुटले, आणि डाळी व तेलबियांच्या या बाजारपेठेत माल आणणाऱ्या गाड्यांची वर्दळ त्या वर्तुळाभोवती वाढत गेली.

रस्त्यावरच्या यांत्रिक वाहनाची संघटित सुरुवात हैदराबाद संस्थानात जून १९३२ मध्ये झाली. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी एवढ्या बळावर सेवा सुरू केली. त्या काळातील गाड्यांत स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या बसगाड्या होत्या. मराठवाडा तेव्हा याच संस्थानाचा भाग होता. या बसगाड्यांबरोबर जी रचना येथील कारागिरांच्या हाती आली, ती पुढची अर्धशतकाहून अधिक वर्षे जवळजवळ तशीच राहिली, म्हणून ती येथे समजून घेणे आवश्यक आहे. लांबीने उतरत्या क्रमाने एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांचा जुडगा म्हणजे कमान. सर्वांत लांब पाट्याला मेन पाटा म्हणतात. त्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात आणि त्यांत बुश, म्हणजे पितळी किंवा रबरी नळी, बसवलेली असते. पुढचे टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पिनेने पक्के जोडतात. मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला टांगतात, कारण भाराखाली कमान सपाट होताना लांबते आणि त्या लांबीला जायला वाट लागते. सगळे पाटे मधोमध एका सेंटर बोल्टने एकत्र बांधलेले असतात, आणि ज्या नळकांड्यातून मागच्या चाकांचे आस जातात त्या हौसिंगला कमान दोन यू-बोल्टांनी आवळलेली असते.

या रचनेची खरी मेख अशी की मागच्या कमानी दोन वेगळी कामे एकाच वेळी करतात. त्या भार झेलतात, आणि हौसिंगला पुढेमागे व आडवेतिडवे सरकू न देता जागेवर धरूनही ठेवतात. पुढच्या चाकांना सुकाणू असते, त्यामुळे त्यांची दिशा चालकाच्या हातात असते. मागच्या चाकांची दिशा कमानींनी ठरवलेली असते. म्हणूनच कमानीच्या बांधणीतील लहानशी चूक चालकाला मागून कोणीतरी सुकाणू फिरवत असल्यासारखी जाणवते, आणि म्हणूनच गाडी आरामशीर चालते का, एवढ्यावर कमानीची पारख करणारा कारागीर अर्धेच काम पाहत असतो.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाल्यावर येथील बससेवा एस.टी.च्या एकाच छत्राखाली आली. नांदेड विभागातील देगलूर, मुखेड, कंधार, किनवट, माहूर आणि लातूर विभागातील उदगीर, निलंगा, अहमदपूर, औसा अशा आगारांनी दुरुस्तीचे ज्ञान तालुक्यापर्यंत नेले. फेरीवरून परतलेल्या चालकाने गाडीची तक्रार नोंदवायची आणि कार्यशाळेने तिचे कारण शोधायचे, ही शिस्त खासगी गॅरेजांना अनोळखी होती. दुसरीकडे १९५४ पासून टाटा-मर्सिडीज-बेंझचे ट्रक देशात बनू लागले होते, नांदेडच्या शीख समाजातील अनेक कुटुंबे वाहतुकीच्या व्यवसायात उतरली होती, आणि शस्त्रांना धार व झळाळी देणाऱ्या शिकलगारांसह पोलाद ओळखणारे हात या शहरात होतेच. पंजाबी, दखनी आणि मराठी अशा तिन्ही बोलींतून या धंद्याची भाषा घडली, आणि मुख्य कारागिराला उस्ताद म्हणण्याची रीत मराठवाड्यातील गॅरेजांत आजही आहे.

शहराच्या वेशीवर, मोठ्या रस्त्यालगत, भट्टी, ऐरण आणि जुन्या पाट्यांचा ढीग असलेले कमानकामाचे दुकान हे लोहाराच्या पालाचे आणि मोटार गॅरेजचे मिश्रण आहे. भाराने बसलेल्या, म्हणजे वाक गेलेल्या, पाट्याला पुन्हा कमान देणे हे तेथील मुख्य काम. जुडगा खोलून पाटे सुटे करायचे, प्रत्येक पाटा घासून त्यावर तडा आहे का ते पाहायचे, मग पाटा तापवून किंवा थंडच ऐरणीवर ठेवून हातभर अंतरात एकसारखे घाव घालत वाक वाढवायचा, आणि खालच्या पाट्याशी जुळतो का हे दोन्ही उजेडात धरून पाहायचे, असा तो क्रम असतो. पाट्याचे पोलाद साधे नसते. सिलिकॉन आणि मँगनीज मिसळलेले हे पोलाद कारखान्यात सुमारे ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवून, वळण देऊन, तेलात निववतात आणि नंतर ४५० ते ५०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. शिवाय पाट्याच्या वरच्या, आत वळलेल्या अंगावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात, कारण भाराखाली सर्वाधिक ताण त्याच अंगावर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. विळ्या-कुऱ्हाडीला पाणी देण्याची लोहाराची परंपरागत रीत या पोलादाला मानवत नाही. पाण्यात एकदम निववलेल्या पाट्याला सूक्ष्म तडे जातात आणि भट्टीत जास्त तापलेला पाटा मऊ पडून महिन्याभरात पुन्हा बसतो. चांगला कारागीर थंड ठोकणी पसंत करतो त्याचे कारण हे आहे. तुटलेला पाटाही वाया जात नाही. ऊसतोडणीचा कोयता कमानपाट्याचा असेल तर तो अधिक टिकतो, हे मराठवाड्यातील तोडणी कामगाराला पक्के ठाऊक असते, आणि ट्रकखालून निघालेले पोलाद असे शेतात पोहोचते.

भट्टीत दोन्ही बाजूंचे पाटे सारखे उतरले नाहीत तर गाडी एका अंगाला कलते, हे कोणालाही दिसते. न दिसणारा दोष जोडणीत राहतो. सेंटर बोल्टचे गोल डोके जुडग्याबाहेर थोडे पुढे आलेले असते आणि हौसिंगवरील बैठकीत त्याच्यासाठी एक भोक असते. डोके त्या भोकात बसले की हौसिंगची जागा पक्की होते. यू-बोल्ट फक्त दाबून धरतात, जागा ठरवत नाहीत. नवा जुडगा बसवताना डोके भोकाच्या काठावर अडकले, नव्या बोल्टचे डोके जुन्याहून लहान निघाले किंवा झिजलेले भोक लांबट झालेले असले, तर यू-बोल्ट घट्ट आवळूनही हौसिंग एका बाजूने काही मिलिमीटर पुढे किंवा मागे राहते. डोळ्यांना हे कळत नाही, पण हिशेब स्पष्ट आहे. दोन कमानींमधील नव्हे तर दोन चाकांमधील अंतर १,४०० मिलिमीटर धरले आणि एका बाजूचे चाक दुसऱ्यापेक्षा १० मिलिमीटर मागे राहिले, तर मागची चाके गाडीच्या मध्यरेषेशी सुमारे ०.४ अंशाचा कोन करतात. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २,४०० मिलिमीटर असेल, तर सरळ धावतानाही मागच्या चाकांची वाट पुढच्यांपासून सुमारे १७ मिलिमीटर बाजूला पडते. चालक सुकाणू सतत थोडे वळवून धरतो, गाडी तिरकी पळते, उजव्या वळणाला एक आणि डाव्या वळणाला दुसरी अशी तिची वागणूक होते.

हा दोष शोधण्याची जुनी पद्धत दोरी, ओळंबा आणि खडू एवढ्या साहित्याची आहे. सपाट फरशीवर गाडी सरळ उभी करतात, पुढची चाके नीट समोर ठेवतात, आणि पुढच्या कमानींच्या पिना तसेच मागच्या हौसिंगची दोन्ही टोके अशा चार ठिकाणांहून ओळंबा सोडून फरशीवर खडूने फुल्या मारतात. मग गाडी ढकलून बाजूला काढतात. फरशीवर उरलेल्या चार फुल्यांमध्ये डावे आणि उजवे अंतर सारखे आहे का ते दोरीने पाहतात, आणि मग दोन्ही कर्ण, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांतील तिरकी अंतरे, ताणून जुळवतात. बाजूची अंतरे वेगळी असतील तर हौसिंग सरकलेले आहे. बाजूची अंतरे सारखी पण कर्ण वेगळे असतील तर चेसिसच वाकलेली असण्याची शक्यता आहे, आणि मग कमानी कितीही बदलल्या तरी उपयोग नाही. त्याहून सोपी चाचणी रस्त्यावरची. ओल्या जागेतून गाडी सरळ कोरड्या रस्त्यावर आणली की चाकांचे ठसे उमटतात, आणि मागच्या चाकांचा माग पुढच्यांच्या मागावर दोन्ही बाजूंनी सारखा पडतो का, हे उकिडवे बसून पाहता येते. मुरमाच्या रस्त्यांच्या काळात त्यासाठी पाण्याचीही गरज नव्हती.

यू-बोल्ट आणि बुश यांची चूक वेगळ्या स्वरूपाची आहे, कारण ती काही दिवसांनी उघड होते. नव्या पाट्यांवरचा रंग, गंज आणि खरखरीतपणा पहिल्या काहीशे किलोमीटरांत घासला जातो, जुडगा बारीकसा बसतो, आणि घट्ट आवळलेले यू-बोल्ट ढिले पडतात. ढिल्या यू-बोल्टांमुळे सारा भार सेंटर बोल्टवर येऊन तो कापला जातो, आणि मग हौसिंग खरोखरच सरकते. वाढीव ताणाने एकदा लांबलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये, हा नियम सर्वांना माहीत असतो आणि थोड्याशा बचतीसाठी तो सर्रास मोडला जातो. रबरी बुशाचे तर शास्त्रच निराळे. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असल्यामुळे ते फिरत नाही, पिळले जाते. गाडी जॅकवर उचललेली, चाके लोंबकळत असताना पिना पूर्ण आवळल्या, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. मागची बाजू उंच उभी राहते, उसळी मारते, आणि बुश लवकर फाटतात. गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या उंचीवर आल्यावर शेवटचा पीळ द्यायचा, एवढी एक सवय असंख्य तक्रारी टाळते.

काळीपिवळी जीपच्या काळात या ज्ञानाची सर्वांत कठीण परीक्षा झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्राने जीप जोडायला सुरुवात केली होती. पुढे कमांडरसारखी लांब जीप आणि टेम्पो ट्रॅक्स ही वाहने मराठवाड्यात गावोगावच्या वाहतुकीचा कणा बनली. एस.टी. जिथे दिवसातून एकदा जाई तिथे काळीपिवळी तासातासाला जाई, आणि ठरलेल्या आसनांपेक्षा कितीतरी अधिक माणसे घेऊन जाई. मागची बाजू बसू नये म्हणून जुडग्यात एक-दोन जादा पाटे घालणे हा सर्वमान्य उपाय होता. काळ्या मातीवरचे रस्तेही याला कारण होते. ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, आणि तिच्यावरचा डांबरी थर जागोजागी उंचसखल होतो. जादा पाट्यांनी गाडी भाराखाली सरळ उभी राहिली खरी, पण रिकामी परत येताना ती वळणावर मागून फिरवते, अशी तक्रार सुरू झाली, आणि तिचे उत्तर शॉकअप बदलून मिळत नव्हते.

त्याचे कारण कमानीच्या भूमितीत आहे. कमानीचे पुढचे टोक पक्के असल्यामुळे चाक वरखाली होताना हौसिंग त्या टोकाभोवती वर्तुळाच्या तुकड्यावर फिरते. पुढचे टोक आणि हौसिंग साधारण एका पातळीत असतील, तर चाक थोडे वरखाली झाल्याने ते पुढेमागे फारसे सरकत नाही. जादा पाटे घालून कमान उंचावली की पुढचे टोक हौसिंगच्या बरेच वर जाते. आता गाडी वळणावर कलली म्हणजे बाहेरचे चाक वर दाबले जाऊन मागे सरकते, आतले चाक खाली सुटून पुढे येते, आणि चालकाने काही न करता सबंध हौसिंग थोडे वळते. तेही अशा दिशेने की मागची चाके वळणाबाहेर निघू पाहतात आणि गाडीचे तोंड अपेक्षेपेक्षा अधिक आत वळते. भरलेल्या गाडीत कमान सपाट होते, म्हणून हा दोष लपतो. रिकाम्या गाडीत तो पूर्ण जोराने प्रकटतो. शिवाय मागची बाजू पुढच्यापेक्षा कडक झाल्याने वळणावर मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार जाऊन तो आधी घसरतो, आणि मागून उचललेल्या गाडीत पुढच्या चाकांचा मागे झुकलेला कोन कमी होऊन सुकाणू हलके, चंचल लागते. एका पाट्याने तीन दोष निर्माण होतात, आणि तिन्ही दोषांत पाटा स्वतः निर्दोष, उत्तम पोलादाचा असतो. ट्रकांना शुल्क घेऊन जादा भार वाहू देणाऱ्या राज्यांच्या अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये रद्द केल्या. जादा पाट्यांची गरज जिथून जन्मली त्या प्रथेवर तो थेट घाव होता, आणि तो आणखी वीस वर्षे आधी बसायला हवा होता.

खासगी मोटारींच्या जगात बदल हळूहळू आला. १९५७ पासून बनणारी अँबॅसिडर आणि कुर्ल्याची फियाट या दोन्ही गाड्यांच्या मागे कमानपाटेच होते, त्यामुळे ट्रकचा कारागीर त्यांनाही हात लावू शके. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या काही वर्षांत छोट्या मोटारींत गुंडाळीदार स्प्रिंगा रुळल्या. गुंडाळीदार स्प्रिंग फक्त भार झेलते. मागची चाके जागेवर धरण्याचे दुसरे काम आता वेगळ्या दांड्यांकडे गेले. झेन आणि पहिल्या वॅगन आरमध्ये मागे दोन लांब दांडे आणि मागच्या आसाला आडवे सरकू न देणारा एक तिरपा दांडा असे; १९९८ च्या इंडिकात दोन्ही मागची चाके स्वतंत्र झाली; २००५ च्या स्विफ्टमध्ये दोन्ही बाजूंचे दांडे जोडणारी, पिळली जाणारी तुळई आली. कमानीच्या काळात एका जुडग्यात एकवटलेली कामे अशी वेगवेगळ्या बुशांत विखुरली गेली, आणि मागच्या चाकांची दिशा मूठभर रबरावर अवलंबून राहिली. काही बुशांत मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या ठरावीक दिशेलाच यायला हव्यात. बुश फिरवून बसवला गेला तर नवा असूनही तो चुकीच्या दिशेला मऊ राहतो. स्प्रिंगेचे टोक खालच्या बशीतील पायरीत न बसता वर चढून राहिले तर एका बाजूची उंची बदलते.

या बदलात हानी झाली ती वेगळ्या जागी. कमानकाम करणारा उस्ताद भाग दुरुस्त करत असल्यामुळे त्याला गाडी मोजावीच लागे. सुटे भाग डब्यात बंद मिळू लागल्यावर भाग बदलणे म्हणजेच दुरुस्ती अशी समजूत वाढली, आणि नवा शॉकअप बसवूनही गाडी झुलते म्हटल्यावर त्याच बाजूचा आणखी एक भाग बदलला जाऊ लागला. वास्तविक नवा, कडक शॉकअप पूर्वी दबून राहिलेला शेजारचा ढिला बुश उघडा पाडतो. अनेक ठिकाणी चाकांची रेषा जुळवणारी जुनी यंत्रे फक्त पुढची चाके पाहत. मागची चाके तिरकी असली तरी त्यांच्या नोंदीत सारे ठाकठीक दिसे. चारही चाके मोजणारी संगणकीय यंत्रे ही उणीव भरून काढतात, आणि ती जे दाखवतात ते खडूच्या चार फुल्यांनी दिसणाऱ्या गोष्टीचेच अधिक अचूक रूप आहे.

आज तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा आणि नांदेडवरून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर एमएच २४ आणि एमएच २६ क्रमांकाच्या गाड्या ज्या वेगाने धावतात, तो वेग काळीपिवळीच्या रस्त्यांवर शक्य नव्हता. ताशी ४० किलोमीटरला केवळ त्रास देणारा मागचा तिरकेपणा ताशी १०० ला धोकादायक ठरतो. म्हणून निदानाचा क्रम पूर्वीपेक्षा काटेकोर हवा: आधी टायरची हवा आणि झीज, कारण पुढे नवे व मागे गुळगुळीत टायर असतील तर ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरणारच, मग दोन्ही बाजूंची उंची, मग डावे-उजवे अंतर आणि कर्ण, मग सेंटर बोल्टची बैठक, यू-बोल्ट, बुशांची दिशा आणि पीळ, आणि हे सारे निर्दोष आढळले तरच नव्या भागावर संशय. या दोन्ही शहरांतील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिक होऊ पाहणाऱ्या मुलांना संगणकीय यंत्राआधी दोरी-ओळंब्याचे मोजमाप हाताने करायला लावले पाहिजे. गाडीमालकांनीही मागच्या बाजूचे काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी दोन्ही बाजूंची अंतरे आपल्यासमोर मोजून घ्यावीत, पिना गाडी जमिनीवर असताना आवळल्या का ते विचारावे, आणि कमानीची गाडी असल्यास ५०० ते १,००० किलोमीटर चालल्यानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.